गावभागातली दहा बाय बाराची खोली: पुराचा माळा ठेवून उजेड कसा आणला

सांगलीच्या गावभागात बोळातलं जुनं घर आहे, बाहेरची खोली दहा बाय बारा, मागं स्वैपाकघर, त्याच्या मागं मोरी आणि संपलं. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्यात सामाईक, म्हणजे तिकडून उजेडाचा प्रश्नच नाही. जे काय यायचं ते पुढनं, बोळाकडनं, आणि बोळ चार फुटाचा, समोर शेजारच्या अण्णांची दुमजली भिंत. घरात काका-काकू दोघंच, मुलगा सून पुण्याला. काकू ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, अख्ख्या गल्लीत त्यांच्या हाताचं नाव आहे. तक्रार काकूंची नव्हतीच खरं तर, सुनेनं मला फोन केला की आईंना दिवसासुद्धा सुईत दोरा ओवता येईना, चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, आणि खोलीत आलं की जीव गुदमरतो, तू जरा बघून ये.

मी जाऊन बघितलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ट्यूब चालू होती. ट्यूब बंद करायला लावली आणि फोनवरच्या लक्स (म्हणजे उजेडाचं माप) मोजायच्या अ‍ॅपनं दारात, मधे आणि मागच्या भिंतीजवळ असं मोजलं. ही अ‍ॅप आकडा बरोबर देतीलच असं नाही, पण एकाच फोननं आधी आणि नंतर मोजलं तर तुलना चांगली होते. दारात बरा उजेड होता, मधे पन्नाशीच्या आत, आणि मागच्या भिंतीजवळ आकडा एक अंकी. शिवणकामाला सुईच्या टोकावर सातशे-आठशे तरी लक्स पाहिजेत, म्हणजे चष्मा बदलून काय होणार होतं सांगा.

आता खोली लहान दिसती म्हटलं की लोक पहिल्यांदा रंगाचं कार्ड काढतात नाहीतर आरसे लावायला निघतात. माझं म्हणणं असं की आधी खोलीत बसून आभाळ कुठनं दिसतं ते बघा. खरंच बसायचं, पलंगावर, खुर्चीवर, जमिनीवर, आणि खिडकीतनं दारातनं आभाळाचा तुकडा दिसतोय का ते बघायचं. जिथनं आभाळ दिसतं तिथं थेट उजेड पोचतो, जिथनं दिसत नाही तिथं जो येतो तो कशावर तरी आपटून आलेला, उरलेला उजेड असतो. एरवी खिडकीच्या वरच्या चौकटीची जेवढी उंची त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंत दिवसाचा उजेड कामाचा राहतो असा ढोबळ हिशोब धरतात, पण तो समोर मोकळं असलं तर. या खोलीत उंबऱ्यापासून दोन फूट आत आलं की आभाळ संपलं. त्याच्या पुढं सगळी अण्णांची भिंत, ती पण सिमेंटची, शेवाळून काळी पडलेली. म्हणजे खिडकीतनं आत येत होता तो त्या काळ्या भिंतीनं गिळून उरलेला उजेड. खिडकी मोठी करून सुद्धा काय फरक पडला नसता.

आणि वर माळा. खोलीवर मंगलोरी कौलं आहेत, पुढच्या भिंतीला साडेआठ फूट आणि मागच्या भिंतीला बारा फुटाच्या वर उंची जाते, चांगली ऐसपैस खोली आहे खरं तर. पण सात फुटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांचा माळा, काळपट, एका कोपऱ्यात दोन बाय दोनचं भोक आणि त्याला टेकवलेली शिडी. म्हणजे राहणाऱ्याला खोली सात फुटाचीच, वरची पाच फूट हवा माळ्यावरच्या खोक्यांना.

दुसऱ्या कुठल्या गावात असते तर मी तिथंच सांगितलं असतं की माळा काढा, विषय संपला. सांगलीत गावभागात बसून हे बोलायला तोंड उघडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटाच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात. या खोलीत काकूंच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं, आणि जे काय वाचलं ते माळ्यावर होतं तेवढंच. घराची कागदं, मशीनचं डोकं, ज्वारीचा डबा, गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले ब्लाऊजपीस. २०२१ ला परत तेच. मी नुसतं वर बघितलं तर काकू म्हणाल्या, "माळ्याचं काय बोलू नको बाई. पाणी आल्यावर सगळं कुठं ठेवू मी, तुझ्या डोक्यावर?" त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. छोट्या खोलीचे सगळे सल्ले सांगतात की सामान खाली ठेवा, वर मोकळं सोडा, आणि इथं ज्यांच्या घरात पाणी येऊन गेलंय त्यांना सामान वरच पाहिजे. मग कामाचा खरा प्रश्न हा झाला की माळा ठेवून वरनं उजेड कसा आणायचा.

त्यासाठी एक दिवस नुसता माळा खाली उतरवण्यात घालवला. काका, मी आणि गल्लीतली दोन पोरं. प्रत्येक वस्तू खाली आली की काकूंना एकच विचारायचं, पुरात हे वर नसतं तर नुकसान झालं असतं का. ट्रंक, कागदांची पेटी, पितळी भांडी, सुनेच्या रुखवतातली चांगली चादर, बियाण्याची पिशवी, हो. जुन्या टीव्हीचं रिकामं खोकं, मोडका कूलर, मुलाची दहावीची गाईडं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी, फुटक्या कुंड्या, दोन डोकी गेलेले जुने स्टोव्ह, नाही. भंगारवाल्याला फोन केला तो हातगाडी घेऊन आला आणि गाडी भरून गेला. जे उरलं ते अर्ध्या माळ्यात बसत होतं, थोडी जागा वर मोकळी ठेवून सुद्धा, कारण पाणी आलं की खालचं सामान वर न्यायला जागा लागणारच.

मग सुताराला बोलावलं. माळ्याच्या लाकडी कड्या दोन्ही सामाईक भिंतींमधे आडव्या बसवलेल्या आहेत, दहा फुटाच्या, म्हणजे मागच्या भिंतीकडच्या फळ्या काढल्या तर पुढच्या माळ्याला काय होत नाही. पण मधली जाड सागवानी तुळई काढायची नाही हे सुतारानं आणि मी दोघांनी ठरवलं, कारण मातीतल्या विटांचं बांधकाम आहे आणि ती तुळई दोन भिंतींना धरून आहे, जुन्या घरात कुठलं लाकूड नुसतं ओझं पेलतंय आणि कुठलं भिंत धरून ठेवतंय हे जाणकाराला दाखवल्याशिवाय करवत लावू नये. मागच्या भिंतीलगतचा साडेचार फुटाचा पट्टा उघडा केला, पुढचा साडेसात फूट माळा ठेवला. तुळई उघड्या भागातनं तशीच आडवी जाते आणि छान दिसते.

काका या सगळ्याला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यात पीओपीचं सीलिंग होतं, मुलाच्या फ्लॅटमधे आहे तसं, खाली छोटे छोटे लाईट. म्हणाले, "ते कसं झकपक दिसतंय, तू हे उघडंबोडकं काय ठेवतीस." मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सीलिंग केलं की आहे त्यातनं अजून सहा इंच उंची जाणार. दुसरी, पीओपी आणि जिप्सम ओल खातं, कौलारू घरात पावसाळ्यात थेंबभर जरी गळलं तरी डाग पडणार आणि पूर आला तर त्या दमट हवेतच ते फुगून खाली यायचं. पण काकांना पटलं ते वेगळ्याच कारणानं. आधी माळ्यावर सामान चढवायला ते दोन फुटाचं भोक होतं, एकेक वस्तू शिडीवर उभं राहून त्यातनं कोंबायची, २०१९ ला रात्री पाणी चढत असताना दोघांनी ते कसं केलं ते त्यांनाच माहीत. आता माळ्याची अख्खी दहा फुटाची कड उघडी आहे. खाली एकानं उचलून द्यायचं, वर एकानं ओढून घ्यायचं, मशीनचं डोकं सुद्धा स्टुलावर उभं राहून सरळ वर सरकवता येतं. कडेला चार इंचाची पट्टी ठोकली म्हणजे सामान घरंगळत नाही. काका कडेला हात लावून दोनदा बघून आले आणि म्हणाले, हे आधीच पाहिजे होतं.

फळ्या निघाल्या तशी कौलांची खालची बाजू दिसायला लागली आणि मग काचेची कौलं. ही काय नवी गोष्ट नाही, कोकणापासून कोल्हापूरपर्यंत जुन्या घरात स्वैपाकघरात चुलीवर एखादं काचेचं कौल असायचंच, आपणच विसरलो. उघड्या पट्ट्याच्या वर, आढ्याजवळ, सहा कौलं काढून तिथं काचेची बसवली. एका ओळीत नाही, एक सोडून एक, दोन रांगांत, म्हणजे उजेडाचा एकच लखलखीत पट्टा न पडता पसरून येतो. फायबरची पण मिळतात, स्वस्त आणि फुटत नाहीत, पण उन्हानं काही वर्षांत पिवळी पडतात आणि मग उजेड पण पिवळाच, म्हणून काचच घ्या. सहा कौलांची मिळून उघडी काच चार चौरस फूट पण भरत नाही, खिडकी त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी खोलीत पडणारा बहुतेक उजेड आता वरनंच येतो, कारण कौलाला सगळं आभाळ दिसतं आणि खिडकीला फक्त भिंत. मोकळ्या जागेत सुद्धा छतातली काच तेवढ्याच मापाच्या खिडकीच्या दुप्पट-तिप्पट उजेड देते, इथं बोळात तर फरक त्याच्याहून मोठा. काम वळवाच्या आधी उरकलं, शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवून घेणं, तशीही करायची होती, तोच गवंडी, तीच शिडी, वेगळी मजुरी अशी फारशी पडली नाही.

उन्हाचं मात्र नीट सांगायला पाहिजे, कारण इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशातलं असतं, नाहीतर दिल्लीकडचं. तिथं उत्तरेकडनं कधी ऊन येत नाही वगैरे. सांगली साधारण १७ अक्षांशावर आहे, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग जून-जुलै थोडा उत्तरेला असतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावरनं दक्षिणेला जातो. म्हणजे कौल कुठल्याही उतारावर बसवा, एप्रिल-मेमधे त्यातनं ऊन आत पडणारच. आमची कौलं पूर्वेच्या उतारावर, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान उन्हाचे चौकोन भिंतीवरनं जमिनीवर सरकतात. दिसायला छान पण ताप होतो, आणि गिऱ्हाइकाचा ब्लाऊजपीस त्या चौकोनात तासभर राहिला तर रंग उतरायची भीती. काकूंनीच उपाय केला. मांजरपाटाचा पन्ना घेऊन दोन टोकांना नेफा शिवला, त्यात काठ्या घातल्या, आणि कौलाखाली दोरीवर सरकणारं छत केलं. मार्च ते मे ते ओढून घ्यायचं, एरवी गुंडाळून ठेवायचं. पांढऱ्या कापडातनं येणारा उजेड इतका मऊ आणि सारखा पसरतो की मला तर तो बारा महिने ठेवावा वाटतो, पण पावसाळ्यात ढगाळ असतं तेव्हा उघडंच बरं.

आता हा उजेड पडतो कुठं तर मागच्या भिंतीवर, बारा फूट उंच. दारातनं आत पाऊल टाकलं की पहिली समोर दिसते ती हीच भिंत. खोली मोठी वाटायचं निम्मं काम इथं झालं असं मी म्हणीन. जमिनीवर कितीही उजेड पाडा, डोळ्यासमोरची उभी भिंत काळी असली तर खोली अंधारीच वाटते, आणि समोरची भिंत उजळ असली की ती लांब गेल्यासारखी वाटते. त्यात पुढचा भाग सात फुटाचा ठेंगणा, चार पावलं टाकली की एकदम डोक्यावर बारा फूट. पहिल्या दिवशी सून आली ती त्या जागेवर आपोआप थांबली आणि वर बघत उभी राहिली. अख्खा माळा काढला असता तर हे इतकं जाणवलं नसतं असं माझं मत आहे.

रंगाचं काम त्यामानानं लवकर ठरलं, पण भिंतीनं वेळ खाल्ला. पुराचे डाग झाकायला २०१९ नंतर खालच्या चार फुटाला चॉकलेटी ऑइलपेंट मारला होता, वर पिस्ता. गावभागात असली खालनं गडद पट्टा मारलेली घरं भरपूर दिसतील. दोन तोटे. गडद चॉकलेटी रंग पडलेल्या उजेडातला दहावा हिस्सा जेमतेम परत देतो, पांढरा ऐंशी टक्क्याच्या आसपास, म्हणजे खिडकीतनं जमिनीलगत जो थोडा यायचा तो पण तिथंच संपायचा. आणि दुसरा तोटा मोठा, ऑइलपेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही. मातीतल्या जाड भिंतीनं पुराचं पाणी प्यायलंय, ती वाळायला इंचाला साधारण महिना धरावा लागतो, अठरा इंचाची भिंत म्हणजे तुम्हीच हिशोब करा, आणि वरनं पेंटचा कातडा ओढला की ओल आतच राहते, लोणा म्हणजे पांढरा खार फुटतो, पोपडे निघतात. आम्ही तो सगळा पेंट खरवडला, कुजलेला सिमेंटचा गिलावा पाडला, चुन्याचा गिलावा करून घेतला आणि वर चुन्याचेच तीन हात दिले. चुन्याचा पांढरा हा प्लॅस्टिक पेंटच्या पांढऱ्यापेक्षा खूप सुंदर असतो, जरा ढगाळ, न चमकणारा, उजेड झेलून सगळीकडं वाटून देणारा. चुना अंगाला लागतो ही तक्रार खरी आहे, आणि ब्लाऊज शिवणाऱ्या घरात ते चालणारच नाही. शेवटच्या हातात डिंकाचं पाणी घातलं, आणि दिवाणाच्या मागं जिथं पाठ टेकते तिथं भिंतीपासून बोटभर अंतर सोडून फळी लावली, हुकावर अडकवलेली, म्हणजे मागनं हवा खेळते आणि पाणी आलं तर काढून वर टाकता येते.

माळ्याच्या फळ्यांना खालनं पांढरा दिला, कड्यांना आणि तुळईला नाही. काका त्या लाकडाला हात लावू देईनात, त्यांच्या आजोबांच्या वेळचं सागवान आहे, आणि मलाही ते पटलं. घासून तेलाचा हात दिला. पांढऱ्यावर ती चार-पाच गडद लाकडं उठून दिसतात. जमीन शहाबादी फरशीची आहे, करडी, तिला हात लावला नाही. पुरात टिकलेली एकमेव गोष्ट ती आहे. नुसती घासून घेतली, सांधे भरले आणि फिकी सतरंजी टाकली.

आता अण्णांची भिंत. खिडकीसमोर तीच दिसणार, मग तीच पांढरी करायची असं मी सुचवलं तेव्हा काकू म्हणाल्या दुसऱ्याच्या भिंतीला रंग द्यायला कसं विचारायचं. दिवाळी झाली होती, फराळाचा डबा परत द्यायच्या निमित्तानं काका आणि मी गेलो. अण्णा म्हणाले, "रंगवा की, माझं काय जातंय, पण खाली पांढरं करू नका हो, दोन दिवसात लाल करून ठेवतील पान खाणारे." हे त्यांचं अगदी खरं होतं. मग खालचे तीन फूट गेरू मारला आणि वर खिडकीतनं जेवढं दिसतं तेवढाच भाग, शेवाळ खरवडून, चुन्याचे दोन हात. अख्खी भिंत रंगवायची गरजच नव्हती. डब्बाभर चुना आणि एक रविवार, एवढ्यात खिडकीतला उजेड दुपटीच्या वर गेला, माझ्या फोनच्या हिशोबानं. बोळातल्या घरांना मी हे पहिल्यांदा सुचवते, शेजाऱ्यांशी बोलणं असलं पाहिजे एवढीच अट. अण्णांच्या सुनेनं नंतर सांगितलं की त्यांच्या जिन्यात पण उजेड वाढला.

खिडकीला बाकी किरकोळ कामं होती पण सोडून चालत नाहीत. डासांची जाळी धुळीनं भरून कांबळं झाली होती, ती धुतली. ग्रीलवर ठेवलेल्या कुंड्या, दुधाची पिशवी, वाळत घातलेली फडकी, सगळं हलवलं. निळी काच काढली, खालच्या निम्म्या तावदानाला दुधी काच, वर साधी, म्हणजे बोळातनं जाणाऱ्याला आतलं दिसत नाही आणि वरनं उजेड अडत नाही. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडं आठ-आठ इंच लांब, म्हणजे पडदा सरकवला की तो भिंतीवर गोळा होतो, काचेवर नाही. लोखंडी कपाट खिडकीला खेटून उभं होतं, अर्धी चौकट त्यानंच खाल्लेली, ते माळ्याखाली बाजूच्या भिंतीला नेलं आणि विटांवर न ठेवता एक फुटाच्या लोखंडी स्टँडवर ठेवलं, खालनं फरशी दिसते म्हणून जागा मोकळी वाटते आणि घोट्याएवढं पाणी आलं तरी खालचा खण भिजत नाही. त्याच्या दाराला आरसा आहे. आरसा खिडकीसमोर लावा असं सगळे सांगतात, पण आरशात काय दिसणार ते आधी बघावं, पूर्वी त्यात अण्णांची काळी भिंत दिसायची, म्हणजे दोन काळ्या भिंती. आता त्यात मागची उजळ भिंत तिरकी दिसते, तिथं आरशाचा खरा उपयोग झाला.

आणि आता शिवणकाम, ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं. काकूंचं मशीन आधी दारात होतं कारण तिथंच काय तो उजेड. पण गिऱ्हाईक आलं की दारातच उभं राहायचं आणि त्याची सावली बरोबर काकूंच्या हातावर. मशीन मागं नेलं, उघड्या पट्ट्याखाली, तोंड दाराकडं, उजेड वरनं आणि डावीकडनं. उजव्या हातानं काम करणाऱ्याला उजेड डावीकडनं यायला पाहिजे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली सुईवर पडते.

रात्रीच्या लाईटबद्दल जरा थांबून सांगते कारण इथं लोकांना नुकसान होतं ते कळत पण नाही. काकूंकडं रिळांचा एक पत्र्याचा डबा आहे, जुना बिस्किटाचा, त्यात रंगाप्रमाणे ओळीनं रिळं. डाळिंबी, राणी, किरमिजी, तीन रिळं शेजारी शेजारी. जुन्या स्वस्त एलईडी ट्यूबखाली मी ती तिन्ही हातात घेतली आणि मला राणी आणि किरमिजी वेगळं सांगता येईना, डाळिंबी तर विटकरी दिसत होता. काकू काय करायच्या तर रीळ आणि कापड घेऊन बोळात जाऊन आभाळाखाली जुळवून यायच्या, दिवसाकाठी दहा खेपा, संध्याकाळनंतर फॉलचं काम घ्यायचंच नाही. ट्यूब उजेड कमी देत होती असं नाही, त्या उजेडात रंग पुरते नव्हते. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचा, शंभरपैकी. साध्या ट्यूबला ऐंशीच्या आसपास असतो, पुष्कळ खोक्यांवर छापलेलाच नसतो, आणि लाल छटा तिथंच मार खातात. नव्वदच्या वरचा मागून घ्या, सांगलीत मोठ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो नाहीतर मागवून देतात. दुसरा आकडा केल्व्हिन, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, जो आपल्याकडं घरोघरी असतो, २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. आम्ही ४००० घेतला, मधला. चार फुटाच्या दोन बॅटन, म्हणजे पट्टीसारख्या एलईडी ट्यूब, वीस-वीस वॅटच्या, माळ्याच्या कडेच्या पट्टीमागं लपवून मागच्या भिंतीकडं तोंड करून बसवल्या, त्यामुळं दिवा डोळ्यात जात नाही आणि दिवसा जी भिंत उजळते तीच रात्री पण उजळते. मशीनला वेगळा छोटा दिवा, मानेचा, सुईवर रोखलेला. पुढच्या ठेंगण्या भागात एकच साधा दिवा, तिथं जास्त लागत नाही. वायरिंग करताना सगळे पॉईंट आणि बोर्ड पाच फुटाच्या वर घेतले, पाण्याच्या खुणेच्या वर. गावभागात हे कुणी सांगायची वाट बघू नये.

फरक सांगायचा तर मागच्या भिंतीजवळ जिथं आकडा एक अंकी होता तिथं आता ढगाळ दिवशी सुद्धा दीडशेच्या पुढं असतो आणि उन्हाच्या दिवशी हजाराला भिडतो. दिवसा ट्यूब लागत नाही, जुलै-ऑगस्टमधले काळोखे दिवस सोडून. काकू संध्याकाळी फॉल-पिको घ्यायला लागल्या. खोली दहा बाय बाराच आहे, टेप लावून बघा, पण आता पाहुणे आले की स्वैपाकघरात न बसता बाहेर बसतात.

खर्च सगळा मिळून चाळीस हजारांच्या आत गेला, त्यातला निम्म्याहून जास्त गिलाव्याचा आणि चुन्याचा, कौलं आणि माळ्याचं काम त्यामानानं कमी. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी समोरची भिंत, जाळी धुणं, खिडकीपासून कपाट हलवणं आणि काचेची दोन कौलं एवढंच केलं तरी चालेल, गिलावा नंतर करता येतो, फक्त ओल्या भिंतीवर ऑइलपेंट तेवढा मारू नका.

पहिल्या पावसात एका कौलाच्या सांध्यातनं थेंब आला, गवंड्यानं येऊन कौल परत बसवलं, सिमेंट लावू दिलं नाही कारण मग पुढच्या शाकारणीला काच निघत नाही, फुटते. दरवर्षी मेमधे वर चढून काचा पुसायच्या आहेत, धूळ आणि शेवाळ धरलं की उजेड हळूहळू कमी होतो आणि कमी झालाय हे लक्षातच येत नाही. माळ्यावर काय ठेवायचं त्याची यादी काकूंनी कपाटाच्या दाराला आतनं चिकटवली आहे, जूनच्या आधी माळ्याची पुढची तीन फूट जागा रिकामी पाहिजे असं त्यावर लिहिलंय. स्वैपाकघर अजून तसंच आहे, त्याच्यावर पश्चिमेचा उतार, म्हणजे दुपारचं कडक ऊन, तिथं काचेची कौलं दोनच घालायची आणि ती पण ओट्यावर नाही तर भिंतीलगत, असं ठरलंय, पुढच्या शाकारणीला करू.